पिवळ्या दोऱ्याची तलंग

"दोन," मोठी माय म्हणाली.

नर्सने सहज विचारलं होतं. डोळ्यांत थेंब घालताना म्हाताऱ्या माणसांनी पापण्या मिटू नयेत म्हणून ती काहीतरी बोलत राहत असावी. आधीच्या आजोबांना तिने यंदा काय पेरलंय ते विचारलं होतं, मोठ्या मायला, पद्माबाईला, विचारलं, लेकी किती. मग पापणी बोटाने वर धरून, दुसरा थेंब सोडता सोडता, बाकाजवळ पिशवी धरून उभ्या असलेल्या करुणाकडे मान करून म्हणाली, "त्यातल्या या कितव्या?" "ही व्हय? ही माह्या बहिणीची," मोठी माय म्हणाली. थेंब गालावर ओघळला. नर्सने कापसाने टिपला आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. कोणाला काहीच झालं नव्हतं. करुणाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. स्पिरिटचा वास येत होता, कोपऱ्यातला पंखा फिरताना दर फेरीला एकदा अडखळत होता, आणि पुढच्या वेळी तो कधी अडखळेल याची ती वाट पाहत उभी राहिली.

उत्तर बरोबर होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पद्माबाईच्या तीन मुलींपैकी ती मधली. सहाव्या वर्षी पद्माबाईने तिला आपल्या धाकट्या, मूल नसलेल्या बहिणीला, हिंगोलीच्या जनकाबाईला देऊन टाकलं होतं. तेव्हापासून जनकाबाई आई, आणि जिने जन्म दिला ती मोठी माय. आईच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. यात लपवलेलं काही नव्हतं. पद्माबाईच्या गावी डोंगरकड्यात, हिंगोलीत, सगळ्या नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. जनकाबाईचा नवरा भीमराज एसटी डेपोत मेकॅनिक होता, नोकरीत असतानाच गेला, आणि त्याची मुलगी म्हणून करुणाला त्याच डेपोत अनुकंपावर घेतलं. गेली कितीतरी वर्षं ती नियंत्रण कक्षात बसून माइकवर गाड्या पुकारत होती. डोंगरकड्यात तिला मोजलं गेलं असतं तर ती खुर्ची तिची नसती, हे घर नसतं, बहुतेक नवरा रविंद्रही नसता. सगळा हिशेब तिच्या बाजूचा होता. तरीही रिक्षात बसल्यावर तो शब्द तिच्या अंगात कुठेतरी, बरगडीच्या खाली, भाताचं शीत अडकावं तसा बसून राहिला. दोन. मोठी माय थांबलीसुद्धा नव्हती. माणूस विचार करून खोटं बोलतं तेव्हा एवढंसं अंतर पडतं. तसं अंतर पडलं असतं तर करुणाने त्या अंतरावर वर्ष काढलं असतं.

थेंबांमुळे मोठ्या मायला सगळं धुकट दिसत होतं. मोतीबिंदू होताच. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. रिक्षात तिने करुणाचं मनगट धरून ठेवलं होतं, घट्ट, जसं कोणी गाडीची दांडी धरतं. हात खरखरीत आणि कोरडा होता. करुणा हाताकडे पाहत राहिली. हा हात तिला चेहऱ्यापेक्षा जास्त आठवत होता. सहाव्या वर्षीच्या त्या दिवशीचं बाकी काही नीट उरलं नव्हतं, अंगण उरलं होतं, आणि अंगणात ओळीने उभ्या तिघी बहिणी. जनकाबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली, कोणाकडे बघावं ते न कळून चहाच्या बशीकडे बघणारी. मग मानेमागे एक हात आला, केसांच्या खाली, आणि त्याने तिला एक पाऊल पुढे सरकवलं. "ही घिऊन जाय," असा आवाज मागून आला. मागून आला म्हणूनच त्या वेळचा चेहरा तिच्याजवळ नाही. नंतर तिने तिथे किती तरी चेहरे बसवून पाहिले होते, रडणारा, न रडणारा, एकदा तर हसणारा. एकही बसला नाही. हात मात्र राहिला. मानेमागे, थंडीच्या दिवसांत अंघोळीनंतर केस पुसताना, अजूनही.

त्या दिवशी एसटीत तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एका तलंगेचं डोकं बाहेर. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. ती बटईने दिलेली होती. जनकाबाईने सांभाळायची, आणि पिल्लं झाली की निम्मी डोंगरकड्याला धाडायची. गावात तशीच रीत होती. त्याप्रमाणे दरवर्षी भीमराज डालग्यात पिल्लं घालून, वर जाळी बांधून, नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायचा. करुणा तेव्हा डेपोच्या कठड्याला टेकून उभी असायची. निम्मी पिल्लं परत जातात, हे समजून घ्यायला तिला लहानपणी फार दिवस लागले. ती पिल्लं जन्मलीही हिंगोलीत होती. त्यांनी डोंगरकडा पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि त्यांना तिकडे बोलावणं होतं. सुट्टीत ती स्वतः जायची तेव्हा चहा तिला न तुटलेल्या कानाच्या कपातून मिळायचा. थोरलीला आणि धाकटीला मोठी माय पाण्याला पिटाळायची, शेणाला पिटाळायची, केस ओढून वेणी घालायची, शिव्या द्यायची. करुणा उठली की म्हणायची, "तू बस गं, तू कशाला?" एकदा तिने मुद्दाम तांब्या पाडला. सगळं दूध सांडलं. मोठी माय फडकं घेऊन आली, पुसलं, आणि म्हणाली, "जाऊ दे, जाऊ दे."

घरी परसात त्याच वंशातल्या नऊ तलंगा होत्या. खुराडं भीमराजच्या हातचं, जुन्या पत्र्याचं, आणि म्हाताऱ्या दोन कोंबड्या धरता त्यात आणखी पाचच सुखाने मावत. उद्या रविवार होता. सकाळी हिरासिंग मोटरसायकलला दोन डालगी बांधून येणार आणि उरलेल्या घेऊन कनेरगाव नाक्याच्या धाब्यांकडे जाणार. करुणा हे निवडीचं काम गडबडीने करणाऱ्यातली नव्हती. तिने महिन्याभरापासून एकेकीच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता आणि रोज दाणे टाकताना ती बघत होती, कोण आधी येते, कोण दुसरीला टोचते, कोणाचा तुरा भरतो आहे, कोण सावलीत नुसती बसून राहते. लाल, निळा, पांढरा, हिरवा हे दोरे ठेवायचे हे जवळजवळ ठरलं होतं. आणि पिवळा. पिवळ्या दोऱ्याची करड्या ठिपक्यांची होती आणि तिचं तोंड म्हणून बंद नसे. दार उघडलं की बोलायची, दाणे दिसले की बोलायची, दाणे संपले तरी बोलायची, संध्याकाळी बाकीच्या सगळ्या आत गेल्यावर दारात उभी राहून अंगणाला काहीतरी सांगायची आणि मग शेवटी आत जायची. रविंद्र तिला कंट्रोलर म्हणायचा. "तुझी असिस्टंट पुकारतीय बघ, जा," म्हणायचा. करुणाला ती सगळ्यांत आवडायची. असं आवडणं तिला निवडीत धरायचं नव्हतं, पण तुराही चांगला होता, वजनही.

संध्याकाळी मोठ्या मायला मागच्या दारात खुर्ची टाकून दिली. तिला उजेड सोसत नव्हता म्हणून तिने पदर कपाळावर ओढून घेतला होता. "आण इकडं एकेक," ती म्हणाली. "बघते."

"तुला दिसून राहिलं का काही?"

"दिसाया कशाला लागतंय? आण."

करुणाने एकेक धरून तिच्या मांडीवर ठेवली. दोन्ही पाय एका मुठीत धरून, दुसऱ्या हाताने मोठी माय छातीच्या हाडावरून बोट फिरवायची, पंख उघडून मिटायची, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोट ठेवून बघायची आणि शेवटी मानेमागे, पिसांच्या आत, पंजा घालून क्षणभर तसाच ठेवायची. या शेवटच्या कृतीला काही कारण नव्हतं. तिथे चाचपण्यासारखं काही नसतं. करुणा समोर उकिडवी बसून बघत होती आणि तिच्या स्वतःच्या मानेमागची कातडी जागी होत होती. निळा मांडीवर आला, ही ठेव. पांढरा आला, ही बी ठेव. ही ऱ्हाऊ दे, हिच्यात काई न्हाई. मग तपकिरी दोरा मांडीवर आला. ती तलंग नव्हतीच. चार दिवसांपूर्वीच शेपटीत दोन वाकडी चकचकीत पिसं उगवली होती आणि करुणाला कळलं होतं की इतके दिवस आपण कोंबडा पोसत होतो. मोठ्या मायने छाती दाबली, पाय तोलले. "ही ठेव," ती म्हणाली. "ही घराला पुरंल. लई जोरकस हाय." करुणाने त्याला तिच्या मांडीवरून उचललं. "बरं," ती म्हणाली.

हा कोंबडा आहे हे आपण का सांगितलं नाही, ते तिला लगेच उमगलं नाही. खाली सोडल्यावर तो तपकिरी प्राणी अंग झाडून निघून गेला, आणि तिला एक विचित्र हलकेपणा वाटला, चोरून काही खाल्ल्यासारखा. आत रविंद्र टीव्हीवर मॅच बघत होता. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी वाळवण गोळा करत होतं. पिवळा दोरा मांडीवर आला तेव्हा मोठ्या मायने अजून हात लावला नव्हता तोच ती बोलायला लागली. मोठी माय हसली. "ही कोन गं बडबडी?"

"ती तशीच हाय." करुणाने जमिनीवरचे दाणे गोळा केले, पुन्हा टाकले. मग तिने विचारलं, पण भलतंच. "मोठी माय, बटईनं द्यायची तव्हा तू कोणती द्यायची? चांगली का कमजोर?"

"ते कोंबडीवर नसतंय."

"मंग?"

"ज्याच्या घरी द्यायची त्याचं घर बघावं लागतंय. कोनाच्या अंगनात कुत्रं असतंय, तिथं उडनारी पाहिजे. कोनाकडं पह्यल्याच कोंबड्या लई, तिथं मार खाऊन घेनारी." पिवळ्या दोऱ्याच्या मानेमागे तिचा पंजा गेला होता आणि तिथेच राहिला होता. "जनकाचं घर लई गप व्हतं. भाऊजी दिवसभर डेपोत. जनका भिंतीकडं तोंड करून बसायची. मी आल्ते एकदा, तीन दिस ऱ्हायले, तीन दिसांत घरात भांडं वाजलं न्हाई. तिथं बोलनारं पाहिजे व्हतं. थोरली घुमी. धाकटी तर अंगावरच्या दुधाची. तू सकाळी डोळे उघडले का सुरू व्हायची."

करुणाला आपण बडबड्या होतो हे ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. तिने आठवून पाहिलं, पण स्वतःचा आवाज असा काही सापडला नाही. सापडला तो माइकवरचा, एकाच पट्टीतला, ज्यात गाव आणि फलाट यांच्याखेरीज काही नसतं. इतकी वर्षं तिने दोनच गोष्टी धरल्या होत्या. एक, की आपण तिघींत कमी होतो म्हणून काढून दिलं. दुसरी, जी ती फक्त आजारात किंवा फार दमल्यावर स्वतःला देत असे, की आपण तिघींत चांगल्या होतो म्हणून चांगल्या ठिकाणी दिलं. या दोन्हींमध्ये निदान ती मध्यभागी उभी होती. आता कळत होतं की त्या अंगणात मोठी माय तिच्याकडे बघतच नव्हती. ती ओट्यावरच्या बहिणीकडे बघत होती.

"मंग?" करुणा म्हणाली. "मला देल्यावर? तुमच्या घरी?"

"मंग काय? ज्वारी काढायची व्हती."

अंधारायला लागलं होतं. कोंबड्या आपापल्या क्रमाने खुराड्याकडे निघाल्या होत्या. करुणाने खाली बघूनच म्हटलं, "दवाखान्यात तू दोन म्हणाली."

मोठ्या मायने पदर कपाळावरून मागे केला आणि जिकडून आवाज आला तिकडे, थोडंसं चुकून, करुणाच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, "दोनच की."

"त्या बाईला काय कळणार व्हतं? तीन म्हणाली असतीस तर?"

"देल्लं मोजीत न्हाई मी. मोजलं म्हंजे देल्लं का ते? जनका जित्ती व्हती तव्हा कोनी इचारलं तर दोनच म्हणले, तिच्यासमोर म्हणले, तिच्यामागं म्हणले. एकदा न्हाई चुकले." तिचा श्वास लागला होता. "आता ती गेली, म्हणून मोजाया लागू व्हय? ती बघाया न्हाई म्हणून?"

करुणाला जनकाबाई आठवली, शेवटच्या दुखण्यात तिचा हात घट्ट धरून "माझी आहेस ना" असं पुन्हा पुन्हा विचारणारी. करुणा म्हणत राहिली होती, हो. एकदाही अडखळली नव्हती. पिवळ्या दोऱ्याची मांडीवरून उडी मारून उतरली, दारात उभी राहिली, अंगणाला जे सांगायचं ते सांगितलं आणि आत गेली.

सकाळी खुराड्यातून एक फाटका, घोगरा, अर्ध्यावर तुटलेला आवाज आला. रविंद्र ब्रश तोंडात धरून मागच्या दारात आला. "हे काय? कोणाला खोकला झाला?" तपकिरी दोऱ्याने मान ताणून पुन्हा प्रयत्न केला. खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या मोठ्या मायने कप खाली ठेवला. रात्रीतून थेंबांचा अंमल उतरला होता. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"आगं, हा तर कोंबडा हाय."

"व्हय," करुणा म्हणाली.

"तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलली काहून न्हाई? मला म्हातारीला येडं करून राहिली?" आणि मग ती खरंच रागावली. मेला हात बी गेला आता माझा, आन ही पोरगी बसली नुसती बघत, तोंडात काय गुळणी धरली व्हती का, असं बरंच, एका दमात, रविंद्रसमोर. रविंद्र तोंड धुवायला आत पळाला. करुणा कोंबड्यांच्या भांड्यातलं पाणी बदलत होती. तिने ते काम हळू केलं. तो आवाज डोक्यावरून अंगावर येत होता आणि तो लवकर थांबू नये असं तिला वाटत होतं. तो हात चुकतो. काल संध्याकाळी तिला तेवढंच बघायचं असावं, असं आता तिच्या लक्षात आलं. पण ते बघून झालं आणि त्यातून काही निघालं नाही. हात चुकणारा असला तरी मानेमागे होता तो तोच.

हिरासिंग आला, त्याने तपकिरी दोऱ्याला आधी उचललं. "याला तर नाक्यावर आजच गिऱ्हाईक हाय, ताई," म्हणाला, आणि मोठ्या मायला म्हणाला, "आजी, अंडं देईल का हा?" मोठी माय त्याला म्हणाली, "तुह्या घरी देईल, घिऊन जाय." तो मोठ्याने हसला. डालगी भरली. बाहेर मोटरसायकल सुरू झाली तेव्हा मोठी माय आपली पिशवी आवरत होती. आवरता आवरता म्हणाली, "माही म्हातारी कोंबडी मुंगसानं नेली पावसाळ्यात. तव्हापासून खुराडं रिकामंच हाय. एखादी दे बटईनं. पिल्लं झाली का निम्मी धाडते."

करुणाला पुढच्या सगळ्या गोष्टी एकदम दिसल्या. डोंगरकड्याचं ते अंगण, आता सारवलेलं नाही, फरशीचं. थोरली कळमनुरीला, धाकटी औंढ्याला. मोठी माय एकटी, टीव्हीचा आवाज तिला आवडत नाही. संध्याकाळी दिवा लावते आणि भिंतीला पाठ टेकून बसते. शेजारी उसाच्या कामावर गेलेले. तिने लाल दोऱ्याकडे पाहिलं, ती धीट होती. निळ्याकडे पाहिलं, ती सगळ्यांत आधी अंड्यावर येणार होती, आणि एखाद्याला द्यायची तर तीच द्यावी असं कोणीही म्हटलं असतं. मग तिने पिवळ्या दोऱ्याला धरलं. ती तक्रार करत होती. करुणाचा हात आपोआप मानेमागे गेला, पिसांच्या आत, ऊब होती तिथे, आणि थोडा वेळ राहिला. पायातला दोरा सोडावा असं तिला वाटलं, पण गाठ ओली होऊन बसली होती. तिने तो राहू दिला.

"बटईनं न्हाई," ती म्हणाली. "देऊनच टाकली."

मोठ्या मायने पिशवीचं तोंड धरलं. मग आत हात घालून तलंगेला नीट बसवलं आणि डोकं बाहेर काढून दिलं.

डेपोत कंडक्टरने "हिला हाफ लागतंय, मावशी," म्हणून गंमत केली. मोठ्या मायला खिडकीची जागा मिळाली. करुणाची ड्यूटी सुरू झाली होती. ती नियंत्रण कक्षात जाऊन बसली, माइक जवळ ओढला. हिंगोली-नांदेड, कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, डोंगरकडा मार्गे. रोजचंच होतं, आणि तिने ते रोजच्याच पट्टीत म्हटलं, फक्त डोंगरकडा म्हणताना ती गाडीच्या खिडकीकडे बघत होती. मोठी माय पिशवीवर वाकून तिच्याशी बोलत होती. पिशवी उत्तर देत असावी, कारण पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून हसला. गाडी फलाटावरून मागे सरली, वळली आणि गेली.

संध्याकाळी रविंद्र खुर्ची घेऊन मागच्या दारात बसला. तो दिवसभर बाहेर होता. "मग? शेवटी किती ठेवल्यास?" त्याने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं.

"चार," करुणा म्हणाली.

तिला स्वतःलाच ऐकू आलं, की आपण थांबलो नाही.

"पाच म्हणत होतीस ना?"

"चारच."

लाल आत गेली, मग पांढरी, मग निळी आणि हिरवी एकमेकींना ढकलत. दोन म्हाताऱ्या आधीच दांडीवर चढल्या होत्या. आतून पिसं झाडल्याचा आवाज आला आणि तोही बंद झाला. "झाल्या की सगळ्या," रविंद्र म्हणाला. "लाव दार, मच्छर येतात." करुणा कडीला हात लावून उभी होती. अंगण पूर्ण मोकळं होतं. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग तिने दार लावलं.